ग्रँथमच्या दुकानदाराची लेक

बार्शी,
१४ जुलै

प्रिय अविनाश,



तुझं पत्र पोचलं. नॉटिंगहॅममध्ये इतकी वर्षं काढून अखेर यंदा ग्रँथमला जाऊन आलास म्हणायचं! माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंचा पुतळा पाहिलास, जन्मघरावरची पाटी वाचलीस आणि घरी येऊन मला प्रश्न टाकलास: "किराणा दुकानात वाढलेला माणूस देशही दुकानासारखाच चालवतो का? तू दुकानदाराचा मुलगा, तूच सांग." चिमटा पोचला. प्रश्न मात्र झकास आहे आणि आयता माझ्या गल्लीत आलाय. तेव्हा उत्तर लांबणार. चहाचा कप भरून घे.

पुढाऱ्यांच्या बालपणाच्या गोष्टींवर एरवी माझा विश्वास बसत नाही. पुढारी मोठा झाला की त्याचं बालपणही मागून वाढवून घेतात. कुणी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला असतो, कुणी नदी पोहून शाळेत गेलेला असतो. थॅचरबाईंचं दुकान मात्र खरं होतं आणि त्यातलं कामही खरं होतं.

बापाचं नाव आल्फ्रेड रॉबर्ट्स. बूट शिवणाऱ्यांच्या घरातला मुलगा, शाळा तेराव्या वर्षी सुटली. लोकांच्या दुकानांतून नोकऱ्या केल्या, पै-पै साठवली आणि १९१९ मध्ये नॉर्थ परेडच्या कोपऱ्यावरचं दुकान विकत घेतलं. लंडनहून उत्तरेकडं जाणारा जुना हमरस्ता दारावरूनच जायचा. पुढं हंटिंगटॉवर रोडवर दुसरं दुकानही झालं. मार्गारेट जन्मली १३ ऑक्टोबर १९२५ ला, त्या पहिल्या दुकानाच्या माडीवर. नळाला गरम पाणी नाही, संडास बाहेर. खाली दुकान, वर संसार.

हे 'वर घर, खाली दुकान' प्रकरण माणसात किती मुरतं ते मला विचार. सणाच्या दिवशी पहिला घास घेतला की खालून हाक ठरलेली. रॉबर्ट्सांकडं तर उन्हाळ्यात आई दोघी मुलींना घेऊन स्केग्नेसच्या समुद्रावर जायची आणि बाप दुकानात थांबायचा. तो आपला नंतर कधीतरी वेगळा जाऊन यायचा. दुकान सोडून सगळ्यांनी एकदम जायचं कसं? पुढं बाई डाउनिंग स्ट्रीटच्या दहा नंबरात राहायला गेल्या. खाली पंतप्रधानांचं कार्यालय, वर बिऱ्हाड. दुकानाच्या वर राहायची आपल्याला सवयच आहे, असं त्या सांगायच्या. सुटी घेणं त्यांना कधी जमलंच नाही. या स्वभावाचं मूळ त्या शिकल्या त्या ऑक्सफर्डमध्ये शोधू नकोस, ते त्या जिन्यात आहे.

आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी दुकान अगदी डोळ्यांपुढं उभं केलंय. मसाल्यांचे महोगनीचे खण, त्यांना पितळी मुठी, चहाचे काळे चकचकीत डबे, मागच्या खोलीत टांगलेलं खारवलेलं मांस. चहा, साखर, बिस्किटं पोत्यांतून आणि पेट्यांतून ठोक यायची. ती तोलून पौंडापौंडाचे, दोन-दोन पौंडांचे पुडे करायचे. या कामाला मुलीही हात लावायच्या. भारताचा तांदूळ, केनियाची कॉफी, वेस्ट इंडिजची साखर हे सगळं लिंकनशरमधल्या एका कोपऱ्यावर कसं येऊन पडतं याचं त्या पोरीला नवल वाटायचं आणि जगाचा व्यापार आपल्याला तिथंच उमगला असं त्या म्हणतात. ते नवल मला कळतं. फक्त त्या काळात हे तिन्ही मुलूख इंग्रजांच्याच ताब्यात होते. खुल्या बाजाराची ही किमया साम्राज्याच्या बोटींतून यायची. फळीच्या आत उभं राहिलं की एवढं लांबचं दिसत नाही. दिसतो तो माल, भाव आणि समोरचं गिऱ्हाईक.

आता एक बारकावा, जो या गोष्टीतून सहसा गाळला जातो. त्याच दुकानात पोस्टाचं उपकार्यालय होतं. एका फळीवर चहा-साखर आणि दुसऱ्या फळीवर टपालाची तिकिटं, बचतीचे पैसे, म्हाताऱ्यांची पेन्शन. म्हणजे सरकारचा पैसा एका फळीवर मोजला जायचा आणि त्यातला थोडाफार चार पावलांवरच्या दुसऱ्या फळीवर वळत असणारच. स्वावलंबनाचं ते जे विद्यापीठ पुढं जगभर गाजलं, त्याच्या एका कोपऱ्यात सरकारी खिडकी होती! हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

बाप नुसता दुकानदार नव्हता. मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता, त्यामुळं रविवारी दुकान बंद आणि मुलींच्या चर्चच्या नि रविवारच्या शाळेच्या मिळून चार फेऱ्या. दर शनिवारी मार्गारेट वाचनालयातून त्याच्यासाठी जाडजूड पुस्तक आणि आईसाठी कादंबरी घेऊन यायची. १९२७ मध्ये तो नगरपालिकेत निवडून गेला, वर्षानुवर्षं अर्थ समितीचा अध्यक्ष राहिला, १९४५ मध्ये महापौर झाला. घरपट्टी वाढू द्यायची नाही आणि पालिकेचा एक पेनीही वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा खाक्या. दुकानाची खतावणी आणि गावाची खतावणी एकाच माणसाच्या हातात. लेकीनं हे जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं ऐकलं. पुढं मजूर पक्षाचं बहुमत झालं आणि १९५२ मध्ये त्यांनी या म्हाताऱ्याला आल्डरमनच्या मानाच्या जागेवरून काढलं. पुढं १९८५ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत हा प्रसंग सांगताना पोलादी बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपात न हललेली बाई, बापाचा झगा उतरवला त्या आठवणीनं हलली.

४ मे १९७९ ला पंतप्रधान होऊन त्या दहा नंबरच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी बापाचंच नाव घेतलं. आपण जे काही आहोत ते जवळजवळ सगळं त्याच्यामुळं, आणि लहानशा गावातल्या साध्या घरात शिकलेल्या गोष्टींनीच ही निवडणूक जिंकली, असा त्यांचा सूर होता. बाप बघायला नव्हता. तो १९७० च्या फेब्रुवारीत गेला आणि लेक मंत्रिमंडळात आली त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

दुकान राजकारणात उतरलं कसं, याचे दोन-तीन नमुने देतो.

पहिला १९७४ चा, आणि माझा सर्वांत आवडता. महागाई भडकलेली होती. बाईंनी एका मासिकात निवृत्त लोकांना सल्ला दिला की पेन्शन तुटपुंजी असेल तर टिकाऊ जिन्नस थोडे-थोडे आधीच भरून ठेवा. कुठल्याही वाण्याची लेक हेच सांगेल. पण त्या पक्षनेतेपदासाठी उभ्या राहत होत्या, आणि मोठं फडताळ परवडणाऱ्या बाईनं हे सांगावं याचा गहजब झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना साठेबाज ठरवलं. बाईंनी काय करावं? बातमीदारांना घरी बोलावून कोठीचं दारच उघडलं: साखर एवढी, जॅमच्या बरण्या एवढ्या, मध एवढा, माशांचे डबे एवढे. चोरी पकडली म्हणून आलेल्यांना मालाची यादी मिळाली. दुकानात वाढलेल्या माणसाची ती खोड आहे. त्याच्यावर संशय घेतला की तो वाद घालत बसत नाही, वही काढून दाखवतो.

दुसरा नमुना युरोपचा. युरोपीय समुदायाला ब्रिटन भरायचं जास्त आणि त्याच्या पदरात पडायचं कमी. १९७९ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या बैठकीत बाईंनी सांगून टाकलं की आमचेच पैसे आम्हाला परत हवेत. बाकीचे नेते युरोपच्या भवितव्यावर बोलत होते आणि ही बाई बिलातली चूक दाखवत होती. त्यांना तो क्षुद्रपणा वाटला. पण बाई वर्षानुवर्षं बिल घेऊन उभ्याच राहिल्या आणि १९८४ च्या जूनमध्ये फाँतेनब्लोला सवलत मिळवूनच उठल्या: भरणा आणि परतावा यांतल्या तफावतीपैकी ६६ टक्के परत. मुत्सद्द्यांना जे साधलं नव्हतं ते तागडीकडं बघायच्या सवयीनं साधलं.

तिसरा नमुना कडू आहे. १९८० च्या मे महिन्यात महागाईचा दर २२ टक्क्यांच्या घरात होता. सरकारनं अंथरूण पाहून पाय पसरावेत हा बाईंचा मंत्र. १९८३ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी ठणकावलं की सरकारचा पैसा असा काही नसतोच, असतो तो करदात्यांचा. मंदी असतानाही १९८१ च्या अर्थसंकल्पात त्यांच्या अर्थमंत्र्यांनी कर वाढवले. ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून विरोध केला. बाई ढळल्या नाहीत. महागाई १९८३ पर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आली, हे खरं. आणि १९८२ च्या जानेवारीत बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला होता, हेही तेवढंच खरं. तुझ्या नॉटिंगहॅमशरच्या खाणकामगारांचं उदाहरण तर तुझ्या उशाशीच आहे. १९८४-८५ च्या संपात त्यांतल्या बहुतेकांनी काम चालू ठेवलं, एका परीनं बाईंना साथ दिली. पुढं त्यांच्याही खाणी एकामागून एक बंद झाल्याच.

इथं मला आमचं दुकान आठवतं. फळीच्या वर भिंतीवर पाटी होती: 'आज रोख, उद्या उधार'. आणि पाटीच्याच खाली खिळ्याला उधारीची लाल वही टांगलेली. पाटी परक्यांसाठी, वही गावासाठी. १९७२ च्या दुष्काळात ती वही इतकी फुगली की आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला दुसरी जोडली. गिऱ्हाइकं तीच, गरजा त्याच, पण खिशात दिडकी नाही. आप्पा कितीही चोख असोत, तागडी कितीही खरी असो, गल्ला रिकामाच. मग सरकारनं दुष्काळी कामं काढली. बाया-बापड्या खडी फोडायला गेल्या, मजुरीचे पैसे हातात आले आणि वहीतल्या नावांवर काट मारायला सुरुवात झाली. आप्पा जन्मभर सरकारला शिव्या देत आले. पण त्या वर्षी मजुरी वाटपाच्या दिवशी दुकान उशिरापर्यंत उघडं असायचं.

म्हणजे बघ, एकाच धंद्यातून दोन धडे मिळतात. फळीच्या आतून दिसतं की काटकसर करावी, हिशेब जुळवावा, उधळू नये. फळीच्या बाहेरून दिसतं की गल्ल्यात पडणारा पैसा आधी गिऱ्हाइकाच्या खिशात यावा लागतो. अडचण आली तर दुकानदार एक नोकर कमी करू शकतो. तो नोकर मग गावाच्या डोक्यावर. देशाला कुणाला कमी करता येत नाही. ज्याला कामावरून काढलं त्याचं पोटही देशालाच भरावं लागतं आणि तो खरेदी करायचा थांबला म्हणजे आणखी चार दुकानं बसतात. थॅचरबाईंनी पहिला धडा असा घोटला की तसा दुसरा पंतप्रधान दाखवता येणार नाही. दुसरा धडा त्याच दुकानात, पोस्टाच्या फळीवर, रोज मोजला जात होता. तो त्यांनी उचलला नाही.

दुकानामुळं माणसाचं राजकारण ठरतं, असं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेत पाठवतो. १९६८ ची अध्यक्षपदाची निवडणूक घे. एकीकडं ह्यूबर्ट हम्फ्री, साउथ डकोटातल्या औषधांच्या दुकानातलं पोर. दुकानाच्या माडीवरच जन्मलेला. दुसरीकडं रिचर्ड निक्सन, कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर इथल्या किराणा दुकान आणि पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा. तो पहाटे अंधारात उठून लॉस एंजेलिसच्या मंडईतून भाजी आणायचा. दोघंही आपल्या आप्पांसारख्याच बापांची पोरं. हम्फ्रीच्या मुलखात मंदी आली, वर धुळीची वादळं आली. शेतकऱ्यांकडं पैसा नाही, मग औषधं घेणार कोण? त्याला शिक्षण अर्ध्यावर सोडून दुकानात उभं राहावं लागलं. त्यानं धडा घेतला तो फळीच्या बाहेरचा: सरकारनं हात दिला तर गिऱ्हाईक जगेल आणि गिऱ्हाईक जगलं तर दुकान जगेल. तो जन्मभर रूझवेल्टच्या वाटेनं चालला, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा सिनेटमधून पार करण्यात पुढं राहिला. निक्सन उजवा. पण गंमत अशी की १५ ऑगस्ट १९७१ ला या वाण्याच्याच पोरानं अख्ख्या अमेरिकेतले भाव आणि पगार ९० दिवसांसाठी गोठवले. भाव सरकारनं ठरवायचे, ही गोष्ट थॅचरबाईंनी मेल्या तरी केली नसती. तीन दुकानं, तीन राजकारणं. दुकान कुठल्या मुलखात होतं, गिऱ्हाईक कोण होतं आणि पोरानं कुठल्या बाजूनं बघितलं, यावर सगळं अवलंबून.

आता गंमत पुढंच आहे. सत्तेत आल्यावर बाईंनी बापाच्या दुकानाचं ऐकलं किती? मोजून बघ.

बापाचा रविवार घे. १९८६ मध्ये बाईंच्या सरकारनं रविवारीही दुकानं उघडी ठेवायची मुभा देणारं विधेयक आणलं. चर्चवाले, कामगार संघटना आणि त्यांच्याच पक्षाचे ७० हून अधिक खासदार एका बाजूला आले आणि विधेयक १४ मतांनी पडलं. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत कॉमन्समध्ये सरकारचं अख्खं विधेयक आपटलं ते हे एकच. मेथडिस्ट प्रवचनकाराच्या लेकीचा पराभव झाला तो रविवार राखणाऱ्यांकडून! अखेर रविवारचा कायदा झाला तो १९९४ मध्ये, बाईंच्या नंतरचे पंतप्रधान मेजर यांच्या काळात.

बापाची नगरपालिका घे. ज्या माणसानं उभं आयुष्य गावाच्या पालिकेत घालवलं, त्याच्या लेकीनं पालिकांचे हात जेवढे बांधले तेवढे कुणी बांधले नसतील. घरपट्टी किती लावायची यावर लंडनहून मर्यादा घातली. १९८६ मध्ये लंडनची महापालिका आणि सहा मोठ्या नागरी पट्ट्यांच्या कौन्सिली बरखास्तच करून टाकल्या. तिथली डावी मंडळी उधळपट्टी करतात हा राग होता आणि १९५२ चा सल त्यात असेल तर नवल नाही. पण गावाचा कारभार गावातल्या दुकानदारानं पाहावा हा बापाचा वसा होता. तो लेकीनंच मोडला.

आणि घरपट्टी. ज्या विषयावर बापाची हयात गेली त्याच विषयानं लेकीची खुर्ची गेली. घरपट्टी रद्द करून त्या जागी माणशी सारखी डोईपट्टी आणली. स्कॉटलंडमध्ये १९८९ ला, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० ला. त्यामागचं तर्कशास्त्र अस्सल दुकानी होतं: जो माल नेतो त्यानं पैसे मोजावेत, आणि प्रत्येकाच्या खिशाला चाट बसली म्हणजे लोक उधळ्या नगरसेवकांना निवडून देणार नाहीत. साबणाची वडी उमराव घेवो की हमाल, किंमत एकच, तसं. गरिबांना सूट होती, पण पाचवा हिस्सा त्यांनीही भरायचाच. लोकांना हे पटलं नाही, कारण कर म्हणजे साबणाची वडी नव्हे. ३१ मार्च १९९० ला ट्रफाल्गर चौकात दंगल पेटली आणि नोव्हेंबरात बाई पायउतार झाल्या. त्याच वर्षी दुकान-कार्यालयांच्या पट्टीचं १९७३ नंतर प्रथमच फेरमूल्यांकन झालं, दर देशभर एकच केला, आणि दक्षिण इंग्लंडातल्या छोट्या दुकानदारांच्या बिलांचे आकडे चढले. ज्या वर्गाच्या नावानं राज्य केलं, त्याचाच शाप घेऊन गेल्या.

छोट्या दुकानदारावरून आठवलं. त्याच्यावरचा पहिला मोठा घाव बाईंनी घातलेला नव्हता. कारखानदारानं ठरवलेल्या किमतीलाच माल विकायचा, हे बंधन १९६४ मध्ये बाईंच्याच पक्षाच्या एडवर्ड हीथ यांनी उठवलं. मोठ्या साखळी दुकानांना भाव पाडायची मोकळीक मिळाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानांची रया गेली. हे हीथ म्हणजे केंटमधल्या सुताराचे चिरंजीव. पुढं गवंडीकामाची ठेकेदारी करणाऱ्याचे. आणि 'प्रायव्हेट आय' या टवाळ पाक्षिकानं 'वाणी' हे टोपणनाव चिकटवलं ते त्यांनाच! खऱ्या वाण्याच्या लेकीनं १९७५ मध्ये त्यांनाच पाडून पक्ष ताब्यात घेतला.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हिशेब कच्चा राहील. बाईंच्या राजकारणाचा खर्च ग्रँथमच्या गल्ल्यातून निघाला नव्हता. १९५१ मध्ये त्यांनी डेनिस थॅचर यांच्याशी लग्न केलं. रंग आणि रसायनं बनवणारी ॲटलस ही त्यांची घरची कंपनी, आजोबांपासूनची. १९६५ मध्ये ती कॅस्ट्रॉलला विकली. नोकरी सोडून वकिलीची परीक्षा देणं, जुळ्या मुलांना दाई ठेवणं, मतदारसंघ शोधत वर्षं काढणं, हे सगळं या दुसऱ्या कौटुंबिक धंद्याच्या जिवावर झालं. पण भाषणात यायचं ते बापाचंच दुकान. नवऱ्याच्या कारखान्यानं पैसा दिला आणि बापाच्या दुकानानं गोष्ट दिली. राजकारणात दोन्ही लागतं.

याचा अर्थ बाई ढोंगी होत्या असा नाही. काटकसर, कष्ट, वक्तशीरपणा, शब्दाला जागणं हे त्यांच्यात खरोखरच होतं. पण बालपण हेही एक कोठार असतं. पुढारी त्यातून सगळा माल काढत नाही. त्या दिवशी जो खपेल तोच फळीवर मांडतो. बाईंनी खतावणी मांडली आणि रविवार आत ठेवला. स्वावलंबन मांडलं आणि पोस्टाची खिडकी झाकली.

गोष्ट अजून चालूच आहे. २०२२ च्या जुलैत ऋषी सुनक थॅचरबाईंच्याच पक्षाच्या नेतेपदाच्या शर्यतीत होते तेव्हा भाषण द्यायला कुठं गेले? तुझ्या त्या ग्रँथमला! त्यांची आई साउदॅम्प्टनला औषधांचं दुकान चालवायची आणि आपण तिचे हिशेब लिहायचो, हे ते सांगत असत. समोर लिझ ट्रस होत्या, त्याही स्वतःला थॅचरबाईंचीच वारस म्हणवणाऱ्या. सुनक म्हणायचे, आधी महागाई आटोक्यात आणू, मग कर कमी करू. ट्रस म्हणायच्या, कर आत्ताच कमी करू. जिंकल्या ट्रस, त्यांनी कर्ज काढून करकपात जाहीर केली, पौंड कोसळला आणि काही आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागला. दुकानाचं नाव घेणं आणि दुकानाची वही वाचणं यांत अंतर आहे ते असं. पण औषधांच्या दुकानाचा हिशेब लिहिलेल्या सुनकांनाही २०२४ मध्ये लोकांनी घरी पाठवलंच, कारण वही जुळवणं पुरत नाही, गिऱ्हाईक टिकवावं लागतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. दुकान माणसाला सवयी देतं, भाषा देतं, हट्ट देतं. भाव करायचा असेल, चोरी पकडायची असेल, उधळपट्टी थांबवायची असेल, तिथं दुकानातला माणूस उत्तम. पण देश म्हणजे फक्त फळीची आतली बाजू नव्हे. बाहेर रांगेत उभी असलेली, उधारी मागणारी, आणि पैसे नाहीत म्हणून दुकानाच्या पायरीवरही न चढणारी माणसं हीसुद्धा देशच. दुकानात न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. थॅचरबाईंच्या राज्यात नेमकी तीच नोंद राहून गेली, म्हणूनच त्यांच्या गावात २०२२ च्या मे महिन्यात पुतळा बसवला त्याच दिवशी त्याच्यावर अंडी फुटली, आणि तरी त्याच्यापुढं उभं राहून अभिमानानं फोटो काढणारेही आहेत. दोघंही आपापल्या बाजूनं खरंच सांगतात.

तुझ्याकडं काय, आमच्याकडं काय, निवडणुका येतच राहणार आणि कुणी ना कुणी आपल्या बापाच्या दुकानाची, टपरीची, कारखान्याची गोष्ट सांगणारच. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण मत देण्याआधी त्याला एक प्रश्न नक्की विचार: "तुमच्या दुकानातल्या उधारीच्या वहीतल्या माणसांचं तुम्ही काय करणार?" त्याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला दुकान खुशाल चालवू द्यावं, देश देऊ नये.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. पत्राचं उत्तर लवकर धाड. उधारी चालणार नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
श्रीकांत